घरचं नेट: केबल सोडून फायबर घेऊ का? प्लॅन, खरा स्पीड, हातात पडणारं बिल

धायरीकर
नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचून जातो, आज गरजेपायी लिहितोय. पुण्यात धायरीला राहतो, तिसरा मजला, घरात पाच माणसं. गेली सात वर्षं केबलचं नेट आहे, म्हणजे टीव्हीची ती काळी जाड वायर येते ना, तीच, तिला मोडेम आणि मोडेमला माझा स्वतःचा राउटर. प्लॅन १०० एमबीपीएसचा. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडण नको. दिवसा ठीक चालतं पण संध्याकाळी सात वाजले की रडगाणं सुरू. बायकोचं ऑफिस अमेरिकेच्या वेळेवर, तिचे कॉल नेमके साडेआठ ते साडेदहा, आणि तेव्हाच ती समोरच्यांच्या पडद्यावर पुतळा होऊन बसते, तोंड अर्धं उघडं. बेडरूममध्ये मोबाईलवर टेस्ट केली तर कधी ८ कधी १४, अपलोड ३ च्या वर जात नाही. फोन केला की एकच उत्तर, मोडेम बंद करून चालू करा.

आता सोसायटीत जिओ आणि एअरटेल दोघांचे बोर्ड लागलेत, बीएसएनएलचं फायबर मागच्या गल्लीतला एक जण देतो, आणि एक लोकल इंटरनेटवाला आहे तो म्हणतो सहा महिन्यांचे ३०००, जीएसटी धरून, १०० चा स्पीड आणि अपलोडही तेवढाच. चौघं चार भाषा बोलतात. कुणाकडे काय आहे, खरा स्पीड किती, बिल किती पडतं, लिहा ना.

हडळ_हडपसरची
ते ८ आणि १४ वायफायवरचे की वायर लावून?

धायरीकर
वायफाय. वायर कुठे लावायची, लॅपटॉप बेडरूममध्ये, राउटर हॉलमध्ये.

हडळ_हडपसरची
मग आधी लॅपटॉप उचलून हॉलमध्ये न्या, मोडेमला थेट वायर लावा आणि तीन वेळा मोजा. सकाळी, रात्री नऊला आणि रात्री बाराला. त्याआधी पैसे भरू नका. आमच्या शेजाऱ्यांनी ३०० चा प्लॅन घेतला आणि राउटर चपलांच्या कपाटात ठेवलाय.

नाना_नाशिक
धायरीकर, वाईट वाटून घेऊ नका, पण सरकारी व्याख्येप्रमाणे तुमचं ८ सुद्धा झकास ब्रॉडबँड आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०१३ मध्ये ५१२ झालं आणि २०२३ मध्ये थेट २ एमबीपीएस. म्हणजे तुम्ही व्याख्येच्या चौपट आहात, पेढे वाटा.

आम्ही १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने इंटरनेट आणलं तेव्हापासूनचे. डायलअप लावलं की घरातला फोन बंद, आणि बहिणीचा फोन लागला नाही की ती दुसऱ्या दिवशी रिक्षा करून भांडायला घरी. मग २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं. त्यात रात्री दोन ते सकाळी आठ फुकट असायचं, म्हणून मी पावणेदोनचा गजर लावायचो. सौ. ला वाटायचं काहीतरी भानगड आहे.

हिशेबनीस
चौघं चार भाषा बोलतात कारण कुणी जीएसटी धरून सांगतं कुणी न धरता. कंपन्यांच्या जाहिरातीतला आकडा १८ टक्के जीएसटी वगळून असतो. मी जाहीर दर घेऊन हातात पडणारा आकडा काढलाय, तुमच्या भागात ऑफर वेगळी असू शकते तेव्हा ॲपमध्ये पिनकोड टाकून बघून घ्या.

जिओचा ३९९ चा प्लॅन, ३० एमबीपीएस, बिल ४७०.८२. त्यांचाच ६९९ चा १०० वाला ८२४.८२ ला पडतो. ९९९ मध्ये १५० आणि वर ओटीटीचा गठ्ठा, तो ११७८.८२. एअरटेलचा ४९९ मध्ये ४० वाला ५८८.८२, ७९९ मध्ये १०० वाला ९४२.८२, आणि ९९९ मध्ये २०० वाला परत ११७८.८२. बीएसएनएलने ऑक्टोबर २०२० मध्ये ४४९ ला ३० वाला आणला होता तो जीएसटीसकट ५२९.८२ व्हायचा, त्यानंतर त्यांनी प्लॅनमध्ये बरीच हलवाहलव केलीय, म्हणून त्यांचा आजचा आकडा तुमच्या गल्लीतल्या माणसाकडूनच लिहून घ्या. आणि तुमचा लोकलवाला महिना ५००, सगळं धरून.

आता गंमत बघा. एका एमबीपीएसला किती पडतात ते काढलं तर ३९९ वाल्यात १५ रुपये ७० पैसे, ६९९ वाल्यात सव्वाआठ, एअरटेलच्या ९९९ मध्ये ५ रुपये ८९ पैसे, आणि ३९९९ चा एक जीबीपीएसवाला घेतला तर ४ रुपये ७२ पैसे. म्हणजे दुकानदार आपल्याला हळूहळू वर ढकलतोय. किलोने घ्या स्वस्त पडेल, पण तुम्हाला पाव किलोच लागत असेल तर किलोचा भाव काय कामाचा?

बाकी हे बघा: दिवस २८ की ३०, २८ असतील तर वर्षाला १३ रिचार्ज होतात. सहा महिन्यांवर १५ दिवस आणि वर्षावर महिनाभर जास्त अशा ऑफर असतात, तशात ३९९ वाला वर्षाचा घेतला तर महिना ४३५ च्या आसपास येतो. बसवायचे पैसे वेगळे का, राउटर तुमचा की भाड्याचा, हेही विचारा.

धायरीकर
हिशेबनीस, __/\__ हे चौघांपैकी एकानेही एवढं नीट सांगितलं नव्हतं. लोकलवाला मग फारच स्वस्त दिसतोय की.

मुक्ता_ठाणे
दिसतोय खरा. पण लोकलवाल्याला दोन प्रश्न विचारा, मागे बँडविड्थ, म्हणजे घाऊक नेट, कुणाची घेतो आणि रात्री नऊला तिथल्या चालू ग्राहकाकडे स्पीड किती येतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून घेऊ नका, ग्राहकाकडून घ्या. आमच्या इथे एकाने ५० ची लाईन दोनशे घरांत वाटल्यासारखं करून ठेवलं होतं, टेस्टला १०० दाखवायची आणि यूट्यूब गोल गोल फिरायचं.

केबलवाल्याचा_पुतण्या
मुक्ताताई म्हणतात ते बरोबर आहे आणि ते का होतं ते मी सांगतो कारण आमचं घरच त्या धंद्यातलं. मिरजेत काकांची केबल होती, आता फायबर टाकलंय. जरा लांबड लागेल.

तुमच्या काळ्या वायरीत जे नेट येतं ते डॉक्सिस म्हणून एक पद्धत आहे, टीव्हीच्या चॅनेलसारखेच चॅनेल नेटसाठी बाजूला काढलेले असतात. चौकात कुठेतरी नोड असतो, तिथपर्यंत फायबर आणि तिथून पुढे तांब्याची वायर, मधे मधे ॲम्प्लिफायर. एका नोडवर शंभर घरं असतील नाहीतर पाचशे, सगळ्यांनी मिळून तेवढेच चॅनेल वापरायचे. दुपारी कोण असतं घरी? म्हणून दुपारी मस्त. रात्री आठला सगळे बसले की झालं. आणि अपलोडला तर खालचा अगदी चिंचोळा पट्टा, ५ ते ४२ नाहीतर ६५ मेगाहर्ट्झ, त्यात भर म्हणजे प्रत्येक घरातला सैल कनेक्टर, कुणीतरी स्वतः जोडलेला स्प्लिटर, जुनी सडलेली वायर, या सगळ्यांचा कचरा उलट्या दिशेने नोडला येऊन जमतो. म्हणून तुमचं अपलोड ३. कॉलवर तुम्हाला समोरचा दिसतो पण तुम्ही पुतळा होता ते यामुळेच, कारण तुमचं चित्र अपलोडने जातं.

आणखी एक, ॲम्प्लिफायरला लाईट लागते. तुमच्याकडे इन्व्हर्टर असला तरी चौकातली लाईट गेली की नेट गेलं.

आता फायबर. ऑपरेटरच्या ऑफिसातल्या एका पोर्टमधून निघालेली काचेची एक बारीक तार मधे स्प्लिटरने फोडून ३२ किंवा ६४ घरांना दिलेली असते. स्प्लिटर म्हणजे नुसती काच, त्याला लाईटबिईट काही लागत नाही. जीपॉन म्हणून फायबरची एक पद्धत आहे, तिच्यात त्या एका पोर्टला येताना अडीच जीबीपीएस आणि जाताना सव्वा. म्हणजे फायबर पण शेअरच असतं बरं का, कुणी तुम्हाला स्वतंत्र लाईन म्हणून विकत असेल तर हसा. ६४ जणांनी एकदम ओढलं तर प्रत्येकाला ३९ च येणार. पण एकदम कोण ओढतं, आणि अडीच जीबी म्हणजे केबलच्या मानाने मोठा हौद आहे. लहान ऑपरेटर खूपदा ईपॉन ही दुसरी पद्धत वापरतात, त्यात हौद सव्वा जीबीचा, तोही वाईट नाही.

खरा घोळ मागे असतो. ऑपरेटरने वरून विकत घेतलेलं पाणी किती आणि नळ किती जोडले. घरातली पाइपलाइन नवी चकचकीत पण टाकीच अर्धी, असं. म्हणून रात्री नऊचा आकडा.

धायरीकर
आत्ता कळलं. म्हणजे अपलोडसाठी तरी फायबरच.

केबलवाल्याचा_पुतण्या
हो. केबलला सुधारणा होतात, नवीन डॉक्सिस ३.१ चांगलं आहे, पण तुमच्या गल्लीत कुणी ते नव्याने टाकणार नाही, टाकायचंच तर काच टाकतील, ती आता तांब्यापेक्षा स्वस्त आहे.

जर्सीतला_जोशी
इथे उलट. अमेरिकेत अजून घराघरात काळी वायरच, कॉमकास्ट वगैरे सगळे केबलवाले. डाउनलोड धबधबा आणि अपलोड टिपूस. मी गेल्या वर्षी फायबर घेतलं, ३०० खाली ३०० वर, महिना ६५ डॉलर. गुणाकार करून मला शिव्या घालू नका, इथे मसाला डोसा १५ डॉलरला आहे. इथल्या सरकारने मार्च २०२४ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या १०० खाली आणि २० वर अशी केली, आधी २५ आणि ३ होती. नानांना कळवा. आणि त्याच एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना प्लॅनसोबत बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा तक्ता लावावा लागतो, दर, फी, स्पीड, डेटा सगळं एका जागी. हिशेबनीसांनी वर केलं ते काम.

नाना_नाशिक
कळलं. पेढे परत घेतो.

मुक्ता_ठाणे
धायरीकर, बायकोसाठी अजून एक. त्यांचा सर्व्हर अमेरिकेत असेल तर पिंग, म्हणजे सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास राहणारच, ३० चा प्लॅन घ्या की एक जीबीचा. काचेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, समुद्राखालून जाऊन परत यायला वेळ लागतो, तिथे पैसे चालत नाहीत. बघायचं ते एवढंच की पिंग स्थिर आहे का. आधी २१०, मग ६००, मग २१५ असं नाचत असेल तर कॉल तुटतो. स्पीड टेस्ट सगळे बघतात, हे कुणी बघत नाही.

आणि टेस्ट कुठे करताय तेही बघा. नेहमीच्या टेस्टमध्ये सर्व्हर बहुतेक वेळा तुमच्याच कंपनीचा, तुमच्याच शहरातला निवडला जातो. ती घराच्या दारापासून गल्लीच्या टोकापर्यंतची शर्यत झाली. नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम लावून बघा, किंवा सर्व्हर मुद्दाम मुंबई, चेन्नई, सिंगापूर असा निवडून बघा.

बारक्या
मला गेमिंगसाठी १ जीबीपीएसचा प्लॅन हवाय, बाबा नाही म्हणतात. काय सांगू त्यांना

हडळ_हडपसरची
बाबांचं ऐक.

हिशेबनीस
बारक्या, गेम खेळताना स्पीड फार लागत नाही, पिंग लागतो. गेम उतरवायला मात्र लागतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, मोठा बी म्हणजे बाइट आणि छोटा बी म्हणजे बिट, यात आठपटीचा फरक. १ जीबीची फाईल १०० वर ८० सेकंदांत, ३० वर साडेचार मिनिटांत. ८० जीबीचा गेम रात्री लावून झोप.

घरी लागतं किती त्याचाही हिशोब लिहितो, कारण सगळे आकडे ऐकून माणूस घाबरतो. नेटफ्लिक्सच सांगतं की फुल एचडीला ५ आणि फोरकेला १५ एमबीपीएस पुरतात. दोन टीव्ही फोरके, एक व्हिडीओ कॉल, दोन मोबाईल, सगळं एकदम धरलं तरी ५० च्या आत. आणि अनलिमिटेड म्हणजे ३३०० जीबी, तो महिन्याचा कोटा ३० दिवसांत भागला तर रोज ११० जीबी. फोरके तासाला सात जीबी खातं, म्हणजे रोज पंधरा तास बघितलं तरी संपत नाही. संपलाच कुणाचा तर त्याने आधी वायफायचा पासवर्ड बदलावा.

रत्नांग्रीचा
तुमचं चाललंय २०० आणि ३००. आमच्याकडे राजापूरच्या पुढे गावात ग्रामपंचायतीपर्यंत सरकारी फायबर येऊन बरीच वर्षं झाली, योजना २०११ ची, भारतनेट हे नाव मागाहून मिळालं. पंचायतीच्या कपाटात पेटी आहे, तिच्यात दिवा लुकलुकतो, गावाला त्याचा उजेड काही पडला नाही. शेवटी एका पोराने बीएसएनएलची भागीदारी घेऊन खांबांवरून वायर आणली. ते तसंच असतं, लाईन त्यांची, शेवटची वायर आणि दुरुस्ती भागीदाराची, पैसे वाटून. चालतं तेव्हा ३० च्या प्लॅनला चक्क ३० येतं, मुंबईकर पाहुणे गणपतीत वाकून बघतात. पण जून लागला की माडाची झावळी पडते, वायर तुटते, आणि तो पोरगा एकटा, त्याच्याकडे शिडी एक आणि गावं सात. गेल्या पावसात नऊ दिवस नेट नव्हतं. दहाव्या दिवशी आला, भिजलेला, चहासुद्धा घेतला नाही, बसून काच जोडली आणि गेला. त्याच्यावर रागवायचं तरी कसं.

मुक्ता_ठाणे
तुमच्याकडे एअरफायबर नाही का पोचलं?

रत्नांग्रीचा
चिपळूणला भावाकडे आहे. २०२३ च्या गणेश चतुर्थीला जिओने काढलं तेव्हा पुण्या-मुंबईसकट आठच शहरांत होतं, मग पसरलं. छतावर पेटी, तिला ५जीचा सिग्नल. ५९९ ला ३०, जीएसटीसकट ७०६.८२ आणि कोटा १००० जीबी, म्हणजे फायबरपेक्षा दर जास्त, डेटा कमी. पण झावळी पडत नाही त्यावर. आमच्या गावात ५जीच नाही, विषय संपला.

धायरीकर
बरं, हडळताईंचं ऐकलं. तीन दिवस मोजलं, मुलाने वहीत तक्ता केलाय. मोडेमला थेट वायर लावून: सकाळी नऊला ९४, रात्री बाराला ९४, आणि रात्री नऊला ३१, २७, ३५. अपलोड रात्री २ ते ४, सकाळी ९. राउटरच्या शेजारी उभं राहून वायफायवर सकाळी ८०. बेडरूममध्ये तेव्हाच १२.

म्हणजे दोन रोग आहेत ना? एक बाहेरचा एक घरातला.

हडळ_हडपसरची
बरोबर! बाहेरचा पुतण्याने सांगितला तो. घरातला शोधा, राउटर आणि बेडरूमच्या मधे काय काय आहे? खरं सांगा.

धायरीकर
राउटर टीव्हीच्या युनिटमध्ये मागे. मग भिंत. आणि... भिंतीला लागून सासऱ्यांचा फिश टँक. तीन फुटी.

हडळ_हडपसरची
😂😂😂

केबलवाल्याचा_पुतण्या
अहो पाणी वायफाय पिऊन टाकतं! शंभर लिटर पाणी आणि मागे टीव्हीचा पत्रा, यातून १२ आले हेच खूप. मासे मात्र फुल स्पीडवर असणार.

मुक्ता_ठाणे
नवीन कनेक्शन घेताना हीच चूक परत करू नका. बसवायला येतो तो दारातून आत आला की पहिल्या भिंतीवर पेटी ठोकतो आणि पळतो, त्याला पुढचं घर असतं. आधीच ठरवून ठेवा, घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. फायबरची वायर आत दहा मीटर जास्त न्यायची तर थोडेफार पैसे द्या. वायफायचं ५ गिगाहर्ट्झ जवळ फास्ट आणि भिंतीला भित्रं, २.४ लांब जातं पण सोसायटीत सगळ्यांचं तेच, गर्दी. बेडरूममध्ये काम करायचंच असेल तर सरळ लॅनची वायर ओढा, पंधरा मीटर कॅट सिक्सला काही फार पैसे पडत नाहीत.

लाईनवाला_पिंचिं
त्या ९४ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, रोज हेच काम करतो. ९४ ९५ वर अडकलं की समजायचं मधे कुठेतरी १०० एमबीपीएसच्या वर न जाणारं पोर्ट नाहीतर चार तारांची वायर आहे. १०० च्या प्लॅनला काही बिघडत नाही. पण उद्या २०० घेतला आणि तुमचा जुना राउटर लावला तर जन्मभर ९४ च येणार आणि तुम्ही आम्हाला फोन करणार. राउटरच्या खोक्यावर एसी १२०० मोठ्या अक्षरात, आणि पोर्ट मात्र दहा शंभरचे, असे ढिगाने विकले जातात. गिगाबिट पोर्ट लिहिलंय का बघा आणि वायरीच्या टोकाला आठही तारा आहेत का बघा. काही पोरं तार वाचवायला चारच दाबतात.

आणि बसवायला आलेल्याला पॉवर मीटर लावायला सांगा, काचेतून प्रकाश किती येतो ते त्यावर कळतं. पिवळ्या वायरीच्या टोकाला उणे १५ ते उणे २२ डीबीएम असेल तर मस्त. उणे २५ च्या पुढे गेला तर तक्रार करा. उणे २७ ला पेटी चालते पण पावसाळ्यात लॉसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागणार म्हणजे लागणार. आकडा भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा, सहा महिन्यांनी बिघडलं तर तुलना करता येते. वायर दाराच्या फटीत चिमटू नका, अंगठीएवढी गोल गुंडाळू नका, काच आहे ती. हिरवं टोक हिरव्यातच, निळं निळ्यात.

हिशेबनीस
ही पोस्ट कुणीतरी वर पिन करा. पेन्सिलवाली आयडिया लई भारी.

बारक्या
लाईनवाले दादा, २०० च्या प्लॅनवर टेस्टला २१० येतं कधीकधी, ते कसं?

लाईनवाला_पिंचिं
वरून थोडं सैल सोडतात. टेस्टला चांगलं दिसावं म्हणून.

दुपारची_झोप
आमच्या सोसायटीत कमिटीने एकाच कंपनीशी करार केलाय, दुसऱ्याला डक्टमध्ये वायर टाकू देत नाहीत. मग ती कंपनी दर कशाला कमी करेल? २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉमवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, इमारतींना नेटच्या सोयीवरून रेटिंग देण्याचे नियम आणलेत असं चेअरमनना सांगितलं तर म्हणाले आपल्याला कुठे बिल्डिंग विकायचीय.

नाना_नाशिक
सर्वसाधारण सभेत विषय घाला. लेखी. आमच्याकडे तसा विषय घातला, दीड तास पार्किंगवर भांडण झालं आणि शेवटच्या दोन मिनिटांत नेटचा ठराव मंजूर, कुणाला जेवायची घाई होती म्हणून.

मुक्ता_ठाणे
घरातून काम करणाऱ्यांसाठी अजून एक. कॅमेरा, घरचा सर्व्हर असलं काही बाहेरून बघायचं असेल तर सीजीनॅटबद्दल विचारा. बऱ्याच ठिकाणी एक पत्ता कित्येक घरांत वाटलेला असतो, बाहेरून तुमच्या घराचं दार सापडत नाही. स्टॅटिक आयपीला, म्हणजे स्वतःच्या कायमच्या पत्त्याला, वेगळे पैसे. लोकलवाले यात बऱ्याचदा बरे, मागितला की महिना शे-दोनशेत देतात. साध्या वापराला काही फरक पडत नाही, मात्र कधीतरी वेबसाइट उगाच विचारत बसते की तुम्ही माणूस आहात ना, चौकोनातले सिग्नल दाखवा.

धायरीकर
कोण कुणाचं चांगलं यावर आता माझं मत असं बनलंय की एवढ्या कंपन्यांत फरक असेल तर तो गल्लीगल्लीत आहे, कंपनीत नाही. आमच्याच सोसायटीत बी विंगला एका कंपनीचं सोनं आहे आणि डी विंगला त्याच कंपनीला शिव्या, कारण डीची वायर गच्चीवरून लोंबकळत येते आणि तिथे कबुतरं. म्हणून मी चार दिवस जिन्यात लोकांना गाठून रात्री नऊचे आकडे गोळा केले. बायको म्हणाली जनगणनेवाले समजतायत तुला.

आमच्या ए विंगेत दोन्ही मोठ्या कंपन्या रात्रीसुद्धा प्लॅनएवढं देतायत, डगमग नाही. लोकलवाल्याचे दोन ग्राहक सापडले. एकाला रात्री नऊला ९१ खाली ८८ वर, दुसऱ्याला ९६ आणि ९३. वायर तुटली तर? मी मुद्दाम विचारलं. पहिले म्हणाले मेट्रोच्या खोदकामात तुटली होती, संध्याकाळी स्वतः आला, रात्री अकराला जोडून गेला, दोन गल्ल्या सोडून राहतो, भाजी घ्यायला गेलं की त्याच्या बायकोच्याच टपरीवर भेटतो, पळणार कुठे.

हिशेबनीस
मग वर्षाला ६००० विरुद्ध ८२४.८२ गुणिले १२ म्हणजे ९८९८. जवळजवळ चार हजारांचा फरक. ओटीटी नको असेल तर.

मुक्ता_ठाणे
घ्या, पण वर्षाचे एकदम भरू नका, सहाच महिन्यांचे भरा. लोकलवाला उद्या दुसऱ्याला धंदा विकतो आणि आपण हात चोळत बसतो, झालंय माझं. आणि कॉल महत्त्वाचे असतील तर मोबाईलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, दुसरी लाईन घ्यायची तर पहिलीपेक्षा वेगळ्या खांबावरून येणारी घ्या. दोन्ही एकाच खांबावर असतील तर जेसीबीला एकच फेरी पुरते.

केबलवाल्याचा_पुतण्या
आणि १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, ओएनयू, म्हणजे फायबरची घरातली पेटी, आणि राउटर दोन्ही चालतील असा. गुरुवारी महावितरण लाईट घालवतं तेव्हा पण नेट चालू राहील, ऑपरेटरच्या ऑफिसात बॅटरी असली म्हणजे झालं. तेही विचारा त्याला.

धायरीकर
विचारलं, आहे म्हणाला, चार तासांची. घेतलं शेवटी. काल दुपारी आला, सोबत एक पोरगा आणि ते काच जोडायचं मशीन. मी आधीच खुर्ची टाकून पॅसेजच्या मध्यावर जागा दाखवली, तो म्हणाला काका इथे कुणी लावत नाही, मी म्हटलं मी लावतो. मीटर लावायला सांगितल्यावर माझ्याकडे जरा आदराने बघितलं. उणे १९.६. पेन्सिलने लिहिलंय, तारखेसकट, बायकोने आधी भिंत का खराब केली विचारलं मग वाचून गप्प बसली. आठ तारांची वायर बेडरूममध्ये नेली.

रात्री नऊला ९४ खाली ९३ वर. कॉल साडेदहापर्यंत चालला, एकदाही पुतळा नाही. तिच्या मॅनेजरने विचारलं म्हणे, नवीन कॅमेरा घेतला का.

फिश टँक आहे तिथेच आहे, तो विषय मी काढणार नाही.

लाईनवाला_पिंचिं
१९.६ म्हणजे फर्स्टक्लास. शाब्बास.

हडळ_हडपसरची
आता जुनं कनेक्शन बंद केलं का? नुसतं रिचार्ज थांबवू नका, मोडेम परत द्या आणि पोच घ्या.

धायरीकर
फोन केला होता. मोडेम आणून द्या, डिपॉझिटचे १५०० परत मिळतील, फक्त सात वर्षांपूर्वीची मूळ पावती लागेल म्हणाले. कालपासून माळ्यावर शोधतोय. २००९ ची गॅसची पावती सापडली, ती काही नको आहे का कुणाला?